परगावाहून आलेल्या बायकांचा गट, आणि अख्खी गल्ली जोडायची आहे. सुरुवात कुठून करू?

अंबडवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीच्या मागे, चुंचाळ्याच्या बाजूला आमची वस्ती. पुढच्या रांगेत जुन्या लोकांची स्वतःची घरं, मागे त्यांनीच बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. खोल्यांमध्ये धुळे-नंदुरबारकडचे, हिंगोली-परभणीकडचे, सुरगाण्याचे, आणि अलीकडे सिवान-छपऱ्याचेही. पुरुष कंपनीत, बहुतेक ठेकेदाराकडून. बायका पॅकिंगला, पाथर्डी फाट्याकडच्या बिल्डिंगांमध्ये धुण्याभांड्याला, काही बिगारी कामावर.

आम्हा मागच्या बायकांचा एक गट आहे. सुरुवात भिशीनं झाली, आता रीतसर बचत, महिन्याला शंभर रुपये. चौदा जणी आहोत. एकीच्या नवऱ्याचा हात कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये सापडला तेव्हा दवाखान्याचं डिपॉझिट गटानं रातोरात भरलं. ठेकेदाराचा फोन लागत नव्हता, गावाकडून कुणी येईपर्यंत दोन दिवस गेले असते. त्या रात्रीनंतर गटाला कुणी टाइमपास म्हणालं नाही. नंतर मुलींचे शाळाप्रवेश झाले, खांबावरच्या दिव्यासाठी अर्ज केला, तो दिवा लागलासुद्धा.

आता प्रश्न. पुढच्या घरांतल्या बायका आमच्यात नाहीत. वाईट कुणी नाही, पण 'ह्या आज आहेत, उद्या नाहीत' हे डोळ्यांत दिसतं. आमच्याही काही जणी 'त्या घरमालकिणी, आपल्यात कशाला बसतील' म्हणून मोकळ्या होतात. मला हे मोडायचं आहे. गट फक्त बाहेरून आलेल्यांचा राहिला तर दिव्यापुढे जाणार नाही असं माझं ठाम मत आहे. गटातल्या निम्म्या जणी म्हणतात नवरात्रात सगळ्यांचा कार्यक्रम घेऊ. मला वाटतं आधी काम, मग कार्यक्रम. पण कोणतं काम? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा.


पंचवटीकर

स्तुत्य उपक्रम! संक्रांतीला हळदीकुंकू ठेवा. पुढच्या घरांत जाऊन स्वतः आमंत्रण द्या. बायका हळदीकुंकवाला नाही म्हणत नाहीत.


सातपूरची_लेक

@पंचवटीकर, हळदीकुंकू नको असं माझं स्पष्ट मत. अशा गटांत नवरा गेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बायका बऱ्याच असतात, आणि गट खरं तर त्यांच्याच जिवावर चालतो. त्यांना दारात उभं करून कसली एकी? तिळगूळ ठेवा, सगळ्यांसाठी. कुंकू लावायचं तर सगळ्यांना लावा.

अंबडवाली, तुमचं वाचून आई आठवली. ती अमळनेरकडून लग्न होऊन सातपूरला आली तेव्हा श्रमिकनगर भाग नुकता वसत होता. अहिराणी बोलली की जुने लोक हसायचे, म्हणून ती बाहेर बोलायचीच नाही. मग टँकर सुरू झाला. टँकर आला की आधी भांडणं, मग हंड्यांची रांग, आणि रांग कुणी लावायची तर ज्या बाईचा आवाज मोठा तिनं. तो आवाज माझ्या आईचा होता. महिन्याभरात जुन्या घरांतल्या बायका आपले हंडे तिच्या भरवशावर ठेवून जायला लागल्या, आणि तिची अहिराणी सगळ्यांना कळायला लागली. पाणी सगळ्यांनाच लागतं हो. तुमच्याकडे तसं काय आहे ते शोधा.


खान्देशी_मिरची

कानबाई! कानबाई! कानबाई!

अर्धी सिडको आणि अर्धं सातपूर खान्देशी आहे, आणि हा प्रश्न विचारताय? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खान्देशची देवी, कानबाई, बसते. नारळाला नथ-डोळे लावून सजवायचं, चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आमच्या गल्लीत मिरवणूक निघाली की लातूरची, नगरची, कुठलीकुठली बाई फुगडी घालायला उतरते. कुणालाही शिकवावं लागत नाही.


गोदाकाठ

मिरचीताई, एक शंका. मी नगर जिल्ह्यातली, आमच्या मजल्यावर खान्देशी कुटुंब आहे. त्यांनी सांगितलं की कानबाईच्या प्रसादाचे रोट फक्त भाऊबंदकीतच खातात, बाहेरच्याला देत नाहीत. मग सार्वजनिक कसं करणार?


खान्देशी_मिरची

@गोदाकाठ, बरोबर आहे तुमच्या शेजाऱ्यांचं. रोटाचे गहू सव्वाच्या हिशोबानं मोजून दळतात, तो प्रसाद घरच्यांनीच संपवायचा. त्याला हात लावायचा नाही, म्हाताऱ्या माणसांना लागतं ते. पण रोट वेगळा आणि गाणी वेगळी. गाण्याला, फुगडीला, मिरवणुकीला कुणाला बंदी नाही. पंगत करायची तर दुसऱ्या दिवशी वेगळी करा, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. मी येते थापायला.


निवांत_वाचक

भरीत म्हटल्यावर धागा वाचनखुणेत टाकला आहे.


उंटवाडी

माझं मत वेगळं आहे आणि ते कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. आमची स्वतःची जागा आहे, मागे चार खोल्या भाड्यानं आहेत. म्हणजे ताईंच्या भाषेत मी 'पुढच्या रांगेतला'.

भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतो, कधी चार महिन्यांनीच. ओळख होईतो माणूस गेलेला असतो. कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग मागच्या खोल्यांचाच. रात्री दोनला शिफ्ट सुटली की मोटारसायकली. आम्ही गल्लीची मीटिंग बोलावली तेव्हा मागून कुणी आलं नाही. मग जुने लोक 'आपल्यात नाहीत' म्हणतात त्यात सगळा दोष त्यांचाच कसा? कानबाई करा, छठ करा, आम्ही पाहायला येऊ. पण दुसऱ्या दिवशी ढीग तिथेच असेल तर काही बदललं असं मी मानणार नाही.


अंबडवाली

@उंटवाडी, मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. आमच्याकडे हे कुणी तोंडावर बोलत नाही, म्हणूनच अडतं.

मीटिंग कधी होती? आमच्याकडे पुढच्यांची मीटिंग सकाळी दहाला असते. सकाळी दहाला आमच्यातल्या बहुतेक जणी घरी नसतात, पॅकिंगची शिफ्ट आठला लागते. आणि कचऱ्याचं म्हणाल तर घंटागाडी येते नऊच्या पुढे. तोवर खोल्यांना कुलपं. ओला कचरा संध्याकाळपर्यंत दहा बाय दहाच्या खोलीत कोण ठेवेल? जाताना कोपऱ्यावर ठेवला जातो. ते चूकच आहे, आम्हालाही तो वास येतो. पण आळस म्हणून कुणी टाकत नाही.


सातपूरची_लेक

अंबडवाली, सापडला की तुमचा टँकर! घंटागाडी!


गोदाकाठ

अगदी! +१००. पुढच्या बायका नऊ वाजता घरी असतात, मागच्या नसतात. पुढच्यांना ढीग नको आहे, मागच्यांना बोलणी नको आहेत. याहून सरळ काम नाही मिळायचं.


छपरा_ते_नाशिक

मी इथली शाळा शिकलेली, सातवीपासून मराठी माध्यम. शुद्धलेखनाला हसू नका.

आम्ही बिहारमधल्या छपऱ्याकडचे. पप्पा आधी आले, मग मम्मी आणि आम्ही तिघं. मम्मीला सुरुवातीला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची, सांगू? आजारी पडण्याची. गावाला सासू, जावा, नणंदा. इथे खोलीचं दार लावलं की कुणीच नाही.

छठ म्हणजे आमचा सूर्यपूजेचा सण, त्याचा उपवास छत्तीस तासांचा असतो, पाण्याचा थेंब नाही. खरनाच्या संध्याकाळी गुळाची खीर खाल्ली की नंतर थेट सप्तमीच्या सकाळी उगवत्या सूर्याला अर्घ्य देऊनच तोंडात काही घालायचं. पहिल्या वर्षी मम्मी एकटीच ठेकुआ, म्हणजे छठच्या प्रसादाचा गोड पदार्थ, तळत बसली होती. आमचं तिघांचं जेवण कुठून आलं माहिती आहे? शेजारच्या काकू, निफाडकडच्या, भाजी-भाकरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'तू देवाचं कर, पोरं माझ्याकडे.' संध्याकाळी त्या आमच्याबरोबर रामकुंडावर आल्या. सूप कसं धरायचं ते विचारलं, पाण्यात उतरल्या, आणि घरी येऊन साऱ्या चाळीला सांगत सुटल्या की मावळत्या सूर्याची पूजा कधी पाहिली नव्हती. पुढच्या वर्षी ठेकुआ तळायला पाच जणी होत्या, त्यातल्या तीन मराठी. ठेकुआवर साच्यानं पान उमटवतात, ते काम काकूंनी स्वतःकडे घेतलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

म्हणून मला दोन्ही बाजू पटतात. काम आधी की सण आधी असं नसतं. त्या काकूंनी सणात मम्मीचं काम उचललं.


रमाकाकू

छपरा_ते_नाशिक, बाळा, तुझं मराठी उत्तम आहे. आणि त्या काकूंना माझा नमस्कार सांग.


तपोवन

लॉकडाऊनचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबई-आग्रा हायवेवरून कसारा घाट चढून माणसं चालत येत होती, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. महाराष्ट्रातून पहिली श्रमिक रेल्वे सुटली ती आपल्या नाशिकरोडहूनच, १ मे च्या रात्री, भोपाळला. दुसऱ्या दिवशी लखनौची.

जे चालले होते त्यांचं सगळ्यांनी पाहिलं. जे खोल्यांतच राहिले त्यांचं फार कुणी पाहिलं नाही. आमच्या भागात त्या वेळी कुणाच्या घरी किती पीठ आहे हे नेमकं सांगू शकणारी एकच यादी होती, ती बायकांच्या भिशीच्या वहीत. धान्य वाटणारे येऊन तीच वही मागायचे. तुमचा गट म्हणजे अशी वही आहे, ती जपा.

आणि एक सावधगिरी. निवडणूक जवळ आली की गटाला साड्या, कुकर आणि बॅनर मिळतो. बॅनरवर फोटो एकाचा लागला की गल्लीतली दुसरी बाजू आपोआप गटाबाहेर जाते. दोन चांगले गट मी असे फुटलेले पाहिले. पैसे नाही म्हणता येत नसतील तर सामान घ्या, बॅनर घेऊ नका.


हिशोबनीस

काही व्यवहाराच्या गोष्टी. मी अशा गटांच्या वह्या लिहून देतो, त्या अनुभवावरून.

गट दहा ते वीस जणींचा ठेवा. तुम्ही चौदा आहात, म्हणजे सहा जागा आहेत. पुढच्या घरांतल्या सगळ्यांना याच गटात घालायच्या भानगडीत पडू नका. त्यांचा दुसरा गट होऊ द्या आणि दोन्ही गटांची महिन्यातून एक बैठक एकत्र घ्या. घरमालकीण आणि भाडेकरू एकाच कर्जाच्या वहीत आल्या की भाड्याचा हिशोब आणि हप्त्याचा हिशोब एकमेकांत शिरतो.

परगावच्या बायकांना बँकेत नेहमी एक अडचण सांगतात: सगळ्यांचे इथल्या पत्त्याचे कागद आणा. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (खातेदाराची ओळख-पत्ता तपासण्याच्या) नियमांनुसार बचत गटाचं खातं उघडताना सगळ्या सदस्यांची कागदपत्रं लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची पुरतात. शाखेत कुणी अडवलं तर हा नियम शांतपणे दाखवायला सांगा. ज्या दोघी-तिघींचे कागद इथले पक्के आहेत त्यांना पदाधिकारी करा. पण वर्षा-दोन वर्षांनी पद फिरवा, नाहीतर जुन्या त्या कायमच्या अध्यक्षा आणि नव्या त्या कायमच्या अंगठेवाल्या होऊन बसतात.

आणि पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, वेळच्या वेळी लिखाण. पाचवी सगळ्यात आधी सुटते. वही बैठकीतच लिहा आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा, हिंदीतही. ज्या बाईला वाचता येत नाही तिलाही आपले किती जमा आहेत ते कानानं कळलं पाहिजे. नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला १९९२ पासून सुरुवात केली, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) तर १९७५ पासून आहे. एवढ्या वर्षांत गट बुडाले ते बहुतेक या वहीपायीच.


अंबडवाली

हिशोबनीस, हे सोन्यासारखं आहे. केवायसीचं माहीतच नव्हतं. आमच्या तीन जणी केवळ आधारवर बिहारचा पत्ता म्हणून बाजूला बसतात आणि प्रत्येक बैठकीत विचारतात, 'दीदी, हमरा नाम कब चढ़ेगा?'

दोन गटांची कल्पना मला पटतेय, पण मन कचरतंय. वेगळे गट म्हणजे पुन्हा पुढची रांग आणि मागची रांग नाही का?


सातपूरची_लेक

नाही. बचत वेगळी राहू द्या, काम एकत्र. माझ्या आईच्या टँकरच्या रांगेत कुणाची भिशी कुणाकडे होती हे कुणी विचारत नव्हतं.


शिक्षक_निफाड

शाळाप्रवेशाचा उल्लेख वाचला म्हणून लिहितो. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, या कारणानं मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मधे आलेल्या मुलालासुद्धा. स्थलांतरित आईबापांना हे सांगणारं कुणी नसतं, ते 'दाखला आणा' ऐकून परत जातात आणि पोरगी घरी धाकट्याला सांभाळत बसते. तुमच्या गटानं हे एकच काम धरलं तरी पुष्कळ आहे. जून आणि दिवाळीनंतर, असं वर्षातून दोनदा खोल्याखोल्यांतून फिरा. दिवाळीनंतर का, तर नवी कुटुंबं तेव्हा येतात.

आमच्याकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला सुरगाणा, पेठ, हरसूलकडून टोळ्या उतरतात. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) सगळं तेच लोक करतात. द्राक्षाचा घड युरोपात जातो, आणि तो घड ज्या बाईनं हातानं विरळला तिची मुलगी चौथीत दोन महिने कुठे आणि तीन महिने कुठे. हजेरीपटावर तिचं नाव असतं, बाकावर ती नसते. मला याचा फार त्रास होतो.


द्राक्षमळा

गुरुजी, मी त्याच तालुक्यातला बागायतदार. तुमचं बरोबर आहे, पण एक बाजू सांगतो. टोळीची बाई-मुकादम असेल तर पोरं शाळेत जातात, पुरुष-मुकादम असेल तर जात नाहीत, हे माझं सरळ निरीक्षण. आमच्याकडे येणारी टोळी पेठ तालुक्यातली, सगळं ठरवते ती एक मावशी. उचल किती घ्यायची, कुणी कुठे झोपायचं, कोणत्या पोरानं शाळेत जायचं. तिनं पहिल्याच वर्षी अट घातली की मळ्यापासून शाळा चालत जाण्याच्या अंतरावर पाहिजे, नाहीतर टोळी दुसरीकडे नेते. मजूर मिळत नव्हते, मी मान्य केलं. आता माझी बायको आणि ती मिळून शाळेत नाव घालायला जातात. गावातल्या बायकांच्या भजनात ती टोळी बसते.


निवांत_वाचक

@द्राक्षमळा, त्या मावशींना कुणीतरी पालकमंत्री करा.


रमाकाकू

आता थोडं जुनं. माझं माहेर मुंबईचं, गिरणगावातलं. गिरण्यांत कोकण-घाटावरून एकटे पुरुष यायचे, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका स्वतःही गावाहूनच आलेल्या. उधारीवर किराणा, सावकाराचं व्याज, दिवसाला पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक एका खोलीत. संप झाला की गिऱ्हाइकाकडून पैसे येत नसत, तरी बायका जेवण बंद करत नसत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेकडून त्यांच्या नावावर कर्ज मिळवून दिलं. तारण काही नव्हतं, एकमेकींचा शब्द हेच तारण.

माझी आत्या त्या काळी खानावळ चालवायची. तिच्याकडे सातारकडचे, रत्नागिरीकडचे आणि दोन भय्ये एकाच पंगतीला बसत. ती म्हणायची, ज्याला आपण जेवू घालतो त्याच्या गावाचं नाव आपल्याला पाठ होतं.

अंबडवाली, तुमच्यात कुणी डबे करतात का? असतील तर पुढच्या घरांतले म्हातारा-म्हातारी एकटे राहणारे शोधा. माझ्या वयाची माणसं स्वयंपाकाला कंटाळलेली असतात. डबा रोज दारात जातो, ओळख आपोआप होते, आणि दोन पैसेही मिळतात.


अंबडवाली

रमाकाकू, आहेत! परभणीच्या एक ताई कंपनीतल्या मुलांचे डबे करतात. पुढच्या रांगेत एक आजी-आजोबा एकटेच आहेत, मुलगा पुण्याला. हे डोक्यात आलंच नव्हतं.


पायरी

थोडं अवांतर, पण उपयोगाचं. बिहारच्या बायकांना सांगा की गावाकडचं रेशन कार्ड इथेही चालतं. 'एक देश एक रेशन कार्ड' आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टपासून आधी गुजरातशी जोडून सुरू झालं, आता देशभर आहे. अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं कार्ड हवं आणि आधार जोडलेलं हवं. इथे आपल्या वाट्याचं धान्य घ्यायचं, बाकीचं गावाला सासूनं उचलायचं, असंही होतं. दुकानदार नाही म्हणाला तर एकटीनं परत येऊ नका, चौघी मिळून जा.

ज्या बिगारी कामावर आहेत त्यांची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. सिंहस्थाची कामं निघालीत, बिगारी बायका भरपूर आहेत शहरात, आणि ठेकेदार दाखला द्यायला टाळाटाळ करतात. इथेही एकटीला मिळत नाही, गटाला मिळतो.


खान्देशी_मिरची

माझी कानबाई मागे पडली!


छपरा_ते_नाशिक

मिरचीताई, मी येते तुमच्या कानबाईला. बदल्यात तुम्ही ठेकुआ तळायला यायचं. आणि भरीत वेगळं पाहिजे मला.


खान्देशी_मिरची

ठरलं. वांगी जामनेरकडून मागवते.


उंटवाडी

दोन दिवस धागा वाचतोय. घंटागाडीच्या वेळेचं अंबडवालीताईंनी लिहिलं ते मी आमच्याकडे पाहिलं. आमच्याकडेही तसंच आहे, गाडी सव्वानऊला, मागच्या खोल्या आठला बंद. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं, कारण त्या वेळी मी मागे कधी जातच नाही.

मी घरी बोललो. आमच्या सौ. म्हणाल्या, मागच्या चार खोल्यांच्या बादल्या आपल्या अंगणात ठेवू देत, गाडी आली की मी देईन, पण ओला-सुका वेगळा पाहिजे आणि बादलीला झाकण पाहिजे. कुत्री येतात. त्यांची अट मला रास्त वाटते. आवाजाचा आणि मोटारसायकलींचा माझा मुद्दा अजून उभा आहे, तो मी सोडलेला नाही.


अंबडवाली

@उंटवाडी, वहिनींना नमस्कार सांगा. झाकणाची अट मी जशीच्या तशी आमच्याकडे उचलतेय.


अंबडवाली

मंडळी, थोडं पुढचं सांगायला आले.

बैठक सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाचला ठेवली, देवळासमोरच्या ओट्यावर. आमच्यातल्या कुणाच्या खोलीत नको आणि पुढच्या कुणाच्या अंगणात नको, हे मुद्दाम. पुढच्या घरांतून सहा जणी आल्या. दोघी नुसत्या उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. सुरुवातीला जे व्हायचं ते झालं: 'तुमच्याकडचे असं करतात', 'तुम्ही तरी कधी विचारता'. मी बोलू दिलं. मग सुरगाण्याची आमची एक जण, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, 'बाई, ढीग आपल्या दोघींच्या मधे आहे, तो उचलू, मग भांडू.' सगळ्या हसल्या. उभ्या असलेल्या दोघींतली एक तिथेच टेकली.

ठरलं ते असं. पाच पुढची घरं, प्रत्येकीकडे मागच्या तीन-चार खोल्यांच्या झाकणाच्या बादल्या. बादल्यांचे पैसे गटातून, हिशोब वहीत. ओला-सुका वेगळा नसेल त्या खोलीची बादली परत. बदल्यात रविवारी कोपरा धुवायचं काम मागच्यांकडे, आणि पुढच्यांतल्या ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्या दारातल्या गटारीचं तोंडही आम्हीच साफ करायचं. शिवाय घंटागाडीची एक फेरी सकाळी साडेसातच्या आत मिळावी म्हणून अर्ज करायचा, दोन्हीकडच्या सह्यांनी.

परभणीच्या ताईंचा डबा आजी-आजोबांकडे सुरू झाला. आजोबांना तिखट चालत नाही, एवढीच तक्रार आहे.

दोन गटांचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या बायका म्हणाल्या, आधी हे महिनाभर चालवून पाहू. मला ते बरं वाटलं. कानबाईचा विषय निघाला, आमच्या धुळ्याच्या दोघी तयारच आहेत. पुढच्यांतली एक म्हणाली माझं माहेर चाळीसगाव, इथे पंचवीस वर्षं झाली, एकदाही कानबाईचं गाणं म्हटलेलं नाही. तिला चार ओळी म्हणायला लावल्या. तिचं ते अंग आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

आता अर्जाबद्दल विचारायचं आहे. अर्ज गटाच्या नावानं करू की रहिवाशांच्या? आमच्यातल्या काहींना सही करायची भीती वाटते, घरमालक खोली खाली करायला सांगेल म्हणून.


तपोवन

'समस्त रहिवासी' असं लिहा. गटाचं नाव घातलंत तर गटाचा अर्ज म्हणून बाजूला ठेवला जाईल, रहिवासी म्हटलं तर मतदार दिसतात.


उंटवाडी

सह्यांच्या कागदावर घरमालकांच्या सह्या वर घ्या. मालकाचीच सही वर असली की भाडेकरूला भीती राहत नाही. तुमच्या पाच घरांच्या घ्या, हवं तर नमुना मी लिहून देतो. आम्हालाही तोच अर्ज करायचा आहे.


हिशोबनीस

दोन प्रती करा. एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, आणि तो क्रमांक बैठकीच्या वहीत लिहा. पंधरा दिवसांनी तोच क्रमांक घेऊन चौघींनी जायचं, दोन पुढच्या आणि दोन मागच्या.


अंबडवाली

उंटवाडीदादा, नमुना पाठवा. बुधवारी दुपारच्या शिफ्टवाल्या दोघी सकाळी मोकळ्या आहेत, त्या आणि चाळीसगावच्या ताई जातील.